इंडिकेटर, क्रिस्टल पॅलेस आणि आमच्या रूमवरचा मॉनिटर

सकाळी पावणेआठच्या सुमारास डोंबिवली स्टेशनवर कधी उभे राहिला आहात? होस्टेलवाल्यांनी निदान एकदा तरी हा अनुभव घ्यावा! प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसते. पाठीवरच्या सॅक पोटावर आलेल्या असतात. गाडी अजून आलेली नसते, पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या असतात. कुठे? तर इंडिकेटरकडे! फास्ट की स्लो, बारा डबा की पंधरा डबा, कितीची गाडी. बस्स, एवढंच त्या पाटीवर असतं. ना रंगांची उधळण, ना कसलं डिझाइन. पण ती पाटी लांबून दिसली पाहिजे, उजेडात दिसली पाहिजे, एका नजरेत कळली पाहिजे, आणि वर्षानुवर्षं तीच तीच अक्षरं त्याच त्याच जागी दाखवून तिने थकता कामा नये.

या पाटीची आठवण यायला कारण ठरला आमचा रूममेट. त्याला ओलेड मॉनिटर घ्यायचा होता. गडी फायनल इयरला. दिवसभर कोड, कॅडची ड्रॉइंग्ज, प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि रात्री मेसचं जेवण पचवायला गेम! ठाण्यातल्या एका दुकानात त्याने तो पडदा पाहिला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगीत मासे पोहत होते म्हणे! पैशांचा हिशेब त्याने असा मांडला होता: इंटर्नशिपचा साठवलेला स्टायपेंड, आणि कमी पडतील ते आईच्या भिशीचे. त्या महिन्यात आईला भिशी लागली होती. ती द्यायला तयारही होती, कारण पोराने तिला सांगितलं होतं की अभ्यासासाठी लागतो.

मला त्याने मत विचारलं. फुकटचं मत द्यायला आपलं काय जातं? पण भिशीचं नाव निघालं आणि मला आठवले भिसे! (हसू नका, खरंच तसंच झालं.) मग त्या रात्री मॉनिटरबद्दल बोलायच्या आधी मी त्याला शंकर आबाजी भिसे नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहून काढतोय. एकेकाळी 'भारतीय एडिसन' म्हणून गाजलेला हा मराठी माणूस आपल्या कुठल्याच सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये भेटत नाही, म्हणून निदान मॅगझिनमध्ये तरी भेटावा.

कोळशाचा गॅस करणारा पोरगा

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ ला. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोचले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ मध्ये. म्हणजे शंकर जन्मला तेव्हा आगगाडी चौदा वर्षांची होती आणि गॅसचा दिवा दोन वर्षांचा. तुमच्या-आमच्या लहानपणी मोबाइल जसा घरात शिरला, तशी त्याच्या लहानपणी वाफ आणि गॅस मुंबईत शिरत होते.

बाकीची मुलं दिव्याखाली खेळत असतील. हा पोरगा मात्र दिव्यातला गॅस येतो कुठून याच्या मागे लागला. दगडी कोळसा हवा लागू न देता तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो, हे आपण केमिस्ट्रीत पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. शंकरने चौदाव्या वर्षी घरच्या घरी असा गॅस तयार करणारं छोटं यंत्र उभं केलं. सोळाव्या वर्षी त्याने ठरवून टाकलं की आपण इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं आणि शोध लावायचे. ना बारावीचं टेन्शन, ना सीईटी! पण गंमत सोडा. त्या काळात शोधक होणं हा आपल्याकडे पोटापाण्याचा मार्गच नव्हता. कारकून व्हा, वकील व्हा, मास्तर व्हा. शोधक होऊन खाणार काय, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना पडला नसेल तरच नवल. हाच प्रश्न पुढे जन्मभर भिशांच्या मागे लागला.

मुंबईत त्यांनी एक सायंटिफिक क्लब काढला. 'विविध कलाप्रकाश' नावाचं मासिक चालवलं, तेही मराठीतून! आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख मागताना संपादकांच्या चपला झिजतात. त्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी तंत्रज्ञानावरचं मासिक मराठीत काढलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

उजेड आणि काळोख

साधारण १८९० ते १८९५ या काळात भिशांना वेड लागलं दृष्टिभ्रमाचं. एक घन वस्तू बघता बघता दुसऱ्याच वस्तूत बदलते, असे प्रयोग त्यांनी बसवले. पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही असा प्रयोग त्यांनी करून दाखवला. अशा खेळांचं गुपित बहुतेक वेळा आरसा, काच आणि दिवे यांत असतं. ज्यावर उजेड पडतो ते दिसतं, ज्यावरचा उजेड काढून घेतला ते नाहीसं होतं. म्हणजे काळोख हासुद्धा चित्राचाच एक भाग असतो.

योगायोग बघा, त्याच दशकात आपल्या कल्याणातही एक माणूस याच उद्योगात होता. महादेव गोपाळ पटवर्धन. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पडदा. सिनेमा मुंबईत आला १८९६ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी कल्याणच्या या कुटुंबाने पडद्यावर चित्रं हलवून दाखवली होती!

इथे रूममेट म्हणाला की याचा माझ्या मॉनिटरशी काय संबंध. आहे, चांगलाच आहे. आपला नेहमीचा एलसीडी मॉनिटर हा तत्त्वाने मॅजिक लँटर्नचाच नातू. मागे दिवा सतत जळतो, पुढे द्रवस्फटिकांची झडप असते, आणि जिथे काळं हवं तिथे ती झडप बंद होते. पण झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. म्हणून रात्री लाइट घालवून सिनेमा लावला की एलसीडीतलं काळं राखाडी दिसतं. ओलेडमध्ये मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. विझला की विझला. म्हणून ते काळं खरोखरचं काळं! शिवाय हे ठिपके पेटतात-विझतात तेही झटक्यात. २४० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जेमतेम चार मिलिसेकंद टिकतं, आणि ओलेडचा ठिपका एका मिलिसेकंदाच्याही आत रंग बदलतो. म्हणून धावत्या गेममध्ये मागे शेपटी राहत नाही. दुकानातल्या माशांवर आमचा गडी भाळला त्यात त्याची काही चूक नाही.

कामाला येईल असं ओलेड पहिल्यांदा कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलं. तिथपासून आपल्या टेबलापर्यंत यायला त्याला तीस-पस्तीस वर्षं लागली. नवी वस्तू उत्तम असणं वेगळं आणि ती माणसांच्या वापरात रुळणं वेगळं. भिशांची पुढची सगळी गोष्ट याच फरकाची आहे.

स्टेशन दाखवणारी पाटी

विशीत असतानाच भिशांनी बऱ्याच वस्तू करून पाहिल्या. आतल्या मालात भेसळ करता येऊ नये अशी बाटली, सायकलला जोडायची विजेची उपकरणं, आणि मुंबईच्या लोकलसाठी स्टेशन इंडिकेटर! होय, इंडिकेटर. तेव्हा लोकल वाफेवर चालत होती. मुंबईत विजेची गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. म्हणजे इंजिनातून धूर निघत होता तेव्हाच या माणसाच्या डोक्यात आलं होतं की प्रवाशाला स्टेशन कळावं म्हणून काहीतरी यंत्र हवं.

ही सोय सुचायला गाडीत बसून बाहेर बघणाऱ्याची घालमेल कळावी लागते. रात्रीची वेळ, डब्यात मिणमिणता दिवा, बाहेर अंधार, आणि आपलं स्टेशन गेलं की यायचंय हेच कळत नाही. त्या माणसाला काय दिसलं पाहिजे, इथून विचार सुरू होतो. यंत्र नंतर येतं.

त्यांना खरं नाव मिळालं ते मात्र एका वेगळ्याच यंत्राने. लंडनच्या 'इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड' या नियतकालिकाने १८९० च्या दशकाच्या शेवटी एक स्पर्धा लावली. माल आपोआप वजन करून देणारं यंत्र सुचवायचं होतं. भिशांनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि तिथल्या इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं. विलायतेला न जाता विलायतेत जिंकले! मग मुंबईतल्या मोठ्या माणसांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी त्यांना दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिलं, आणि नवं शतक उजाडायच्या सुमारास भिसे लंडनला पोचले. सोळाव्या वर्षी केलेला बेत तिशी ओलांडल्यावर तडीस गेला.

क्रिस्टल पॅलेस

दादाभाई तेव्हा पंचाहत्तरीला आलेले. हिंदुस्थानची लूट कशी होते याचे आकडे मांडणारा हा म्हातारा माणूस एका तरुण मराठी शोधकाच्या मागे उभा राहिला. नुसता आशीर्वाद देऊन नाही, तर रीतसर करार करून, पैसे घालून. हिंदी माणसाच्या डोक्यातून निघालेली यंत्रं हिंदी भांडवलावर उभी राहावीत, असा तो विचार होता.

उत्तर लंडनमध्ये भिशांनी वर्कशॉप थाटलं आणि शोधांचा सपाटा लावला. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, डोकेदुखीवरचं एक उपकरण, आपोआप फ्लश होणारा संडास! (हा शोध आमच्या विंगपर्यंत अजून पोचलेला नाही.) आणि त्यातच होती जाहिरातीची विजेची पाटी. ही पाटी क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली.

क्रिस्टल पॅलेस म्हणजे काय? १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनमध्ये बांधलेला लोखंडाचा आणि काचेचा प्रचंड मंडप. नंतर तो उचलून सिडनमला नेला, आणि १९३६ मध्ये आगीत गेला. लोक तिथे नवल बघायला जायचे. आजच्या मॉलचा आणि टेक फेस्टचा पणजोबाच म्हणा ना! तिथे विजेची पाटी बघून माणसं थबकत असणार. थबकावीत म्हणूनच तर ती होती.

आता बघा, एकाच माणसाने दोन पाट्या केल्या. एक लोकलसाठी, एक क्रिस्टल पॅलेससाठी. पहिली बघणाऱ्याला घाई असते, त्याला फक्त माहिती हवी असते. दुसरी बघणाऱ्याला वेळ असतो, त्याला चकित व्हायचं असतं. मी रूममेटला म्हटलं की बाबा रे, तू तो मॉनिटर क्रिस्टल पॅलेसमध्ये पाहिलास, आणि लावणार आहेस प्लॅटफॉर्मवर! गडी पहिल्यांदाच गप्प बसला.

मग आम्ही दोघांनी वही काढली आणि आमच्या रूमची मापं घेतली. ज्यांना ओलेड घ्यायचाय त्यांनी हे जरूर करावं, म्हणून जसंच्या तसं देतो.

पहिलं, उजेड. आमच्या टेबलाच्या बरोबर वर ट्यूबलाइट आहे आणि समोर खिडकी. क्यूडी-ओलेड प्रकारच्या पडद्यांना बहुधा पोलरायझरचा थर नसतो. त्यामुळे समोरून उजेड पडला की काळं जरा जांभळट-राखाडी दिसतं. दुसऱ्या, म्हणजे डब्ल्यू-ओलेड प्रकारात हे कमी होतं. पण दिवसाउजेडी काम करणाऱ्याला त्या खोल काळ्याचा उपयोग तसाही अर्धाच. शिवाय खोक्यावर १००० निट्स असं लिहिलेलं असतं ते पडद्याच्या छोट्याशा भागापुरतं. पूर्ण पांढरं पान उघडलं की बरेचसे ओलेड मॉनिटर २५०-३०० निट्सच्या आसपास येतात.

दुसरं, अक्षरं. ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे उपठिपके नेहमीच्या ओळीने मांडलेले असतीलच असं नाही. विंडोजची अक्षरं त्या ओळीवर बेतलेली. म्हणून बारीक अक्षरांच्या कडेला रंगाची झाक दिसू शकते. २७ इंची १४४०पी पडद्यावर इंचाला सुमारे ११० ठिपके बसतात, तिथे ही झाक जाणवते. २७ इंची फोर-के मध्ये इंचाला १६० च्या वर बसतात, तिथे ती जवळपास नाहीशी होते. पण फोर-के ची किंमत आणखी वर, आणि ते ओढायला ग्राफिक्स कार्डही तसंच हवं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका जागी थांबलेलं चित्र. ओलेडचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक दिवा, आणि दिवा जितका जळतो तितका झिजतो. खालचा टास्कबार, कॅडच्या टूलबारच्या पट्ट्या, कोड एडिटरची कडेची यादी, हे रोज दहा तास त्याच जागी राहिलं की तिथले दिवे बाकीच्यांपेक्षा आधी मंदावतात आणि त्याचा ठसा उरतो. यालाच बर्न-इन म्हणतात. आता स्टेशनचा इंडिकेटर आठवा. सगळ्यात जास्त थांबलेलं चित्र तेच. त्याला वर्षानुवर्षं तेच दाखवायचं असतं, म्हणून तिथे साधे, टिकाऊ दिवे लागतात. आमच्या गड्याचं दिवसाचं काम या इंडिकेटरच्या जातीचं, आणि रात्रीचा गेम क्रिस्टल पॅलेसच्या जातीचा!

चौथं, वीज. ओलेड मॉनिटर बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची डागडुजी करतो. काही मिनिटं लागतात, पण तेवढा वेळ त्याला वीज हवी. आमच्याकडे काय चालतं? झोपताना एकजण उठतो आणि बोर्डाचं मेन बटण खटकन बंद करतो. लाइट जातात ते वेगळंच.

पाचवं, वॉरंटी. बर्न-इन वॉरंटीत धरलंय का, किती वर्षं, आणि तेही भारतात घेतलेल्या नगावर का, हे लेखी बघायचं. दुकानदाराच्या तोंडी हो वर जायचं नाही.

मिनिटाला बाराशे अक्षरं

भिशांच्या गोष्टीकडे परत येऊ. त्यांचा सगळ्यात मोठा शोध अजून राहिलाय. तो म्हणजे 'भिसोटाइप'.

छापखान्यात तेव्हा शिशाच्या मिश्रधातूचे खिळे लागत. एकेक खिळा ओतायचा, मग जुळाऱ्याने तो जुळवायचा. अमेरिकेत लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रं आली होती आणि जगभर पसरत होती. भिशांनी त्यांच्याशी टक्कर देणारं, खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र तयार केलं. लंडनच्या जाणकारांचा विश्वास बसेना. प्रसिद्ध कॅसलन टाइप फाउंड्रीकडूनच आव्हान आलं. १९०८ मध्ये मिनिटाला सुमारे १२०० खिळे ओतून भिशांनी ते आव्हान पेललं. म्हणजे सेकंदाला वीस! आपल्या वर्कशॉपमध्ये एक साधं कास्टिंग काढताना दुपार जाते, हे लक्षात घ्या.

यंत्र चाललं. पण पुढे काय? यंत्र बाजारात आणायचं तर कारखाना हवा, सुटे भाग हवेत, दुरुस्ती करणारी माणसं हवीत, आणि हे सगळं जमेपर्यंत तग धरायला भांडवल हवं. छापखानावाला नुसता वेग विकत घेत नाही. उद्या यंत्र अडलं तर कोण येणार, हे तो आधी विचारतो. दादाभाईंनी हेन्री हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याला मध्ये घातलं. भांडवलशाहीवर सपासप टीका करणारा हा माणूस भिशांच्या यंत्रासाठी भांडवल शोधत हिंडला! पण पैसा उभा राहिला नाही. १९०७ मध्ये दादाभाई म्हातारपणामुळे मायदेशी परतले. १९०८ च्या डिसेंबरमध्ये भिसेही बोटीत बसले. एक्केचाळीस वर्षांचं वय, चाललेलं यंत्र, आणि हात रिकामे.

पण माणसाची चिकाटी बघा. याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्या कामात लक्ष घातलं आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्यापर्यंत त्यांना पोचवलं. टाटांनी पैसा घातला. १९१० मध्ये भिसे पुन्हा लंडनला! नवी संस्था, नवी जुळणी. पण हेही पाठबळ फार काळ पुरलं नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. १९१६ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते अमेरिकेला निघून गेले.

न्यूयॉर्क

अमेरिकेत त्यांनी टाइप ओतण्याच्या यंत्राचं काम पुढे नेलं, स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पण या वेळी त्यांना हात दिला तो मात्र वेगळ्याच गोष्टींनी. कपडे धुण्याचं एक रसायन, आणि 'अॅटोमिडाइन' नावाचं आयोडिनवर आधारलेलं औषध. खिळ्यांच्या यंत्राने जे दिलं नाही ते औषधाच्या बाटलीने दिलं! आयुष्यभर ज्याच्या नावाने ओळखले गेले त्या थॉमस एडिसनशी त्यांची भेट झाली १९३० मध्ये. एडिसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते, भिसे त्रेसष्टचे. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये भिसे गेले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट सांगतात.

मला या आयुष्यात हार-जीत शोधावीशी वाटत नाही. एक मात्र सारखं खटकतं. भिशांचं यंत्र परीक्षेच्या दिवशी कधीच हरलं नाही. लंडनच्या स्पर्धेत जिंकलं, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलं गेलं, कॅसलनचं आव्हान जिंकलं. ते अडलं परीक्षेनंतरच्या रोजच्या दिवसांत. रोजच्या दिवसांना पैसा लागतो, दुरुस्ती लागते, वीज लागते, जागा लागते, आणि यांतलं काहीच प्रदर्शनात दिसत नाही. त्यात भिशांचा दोष नव्हता. गुलाम देशातल्या शोधकाला ते रोजचे दिवस कुणी उभे करून दिले नाहीत. आपल्याला निदान आपल्या रूमचे रोजचे दिवस माहीत असतात. मग ते न मोजता वस्तू घेतली तर तो दोष कुणाचा?

मग झालं काय?

रूममेटने आठवडाभर हिशेब ठेवला. अगदी प्रामाणिकपणे, वहीत. कोड, कॅड आणि पीडीएफ मिळून रोज नऊ-दहा तास. गेम दीड तास. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड त्याच्या आवडत्या गेमला १४४०पी वर १०० फ्रेमच्या आसपास देतं, म्हणजे २४० हर्ट्झचा अर्धाअधिक वेग तसाही वाया.

शेवटी त्याने २७ इंची साधा आयपीएस मॉनिटर घेतला, १४४०पी, १८० हर्ट्झ. स्टायपेंडमध्ये बसला. आईला फोन करून सांगितलं की भिशीचे पैसे राहू देत, लागणार नाहीत. आणि हेही सांगितलं की तो नुसता अभ्यासासाठी नव्हता. हे त्याने मला न विचारता सांगितलं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

याचा अर्थ ओलेड वाईट असा कुणी काढू नका हं! वरच्या मजल्यावरचा आमचा एक मित्र व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. खोलीला जाड पडदे, काम रात्रीचं, पडद्यावर सतत बदलतं चित्र. त्याने ओलेड घेतला. टास्कबार लपवला, वॉलपेपर काळं ठेवलं, पाच मिनिटांनी स्क्रीन बंद व्हायचं सेटिंग केलं, आणि मॉनिटरच्या बटणावर चिकटपट्टी लावून लिहिलं की हे बंद करू नये. त्याच्यासाठी तीच निवड बरोबर. त्याचे रोजचे दिवस वेगळे आहेत.

रूममेटने मात्र पहिल्या पगाराचा ओलेड आधीच ठरवून ठेवलाय. तोपर्यंत किमती आणखी उतरतील, आणि त्याची स्वतःची खोलीही असेल. हल्ली तो शनिवारी माझ्याबरोबर डोंबिवलीला येतो. परवा गर्दीत उभे असताना इंडिकेटरकडे बघून तो म्हणाला की ह्यातला कुठलाच दिवा गेलेला दिसत नाही बरं का. तेवढ्यात फास्ट आली आणि आम्ही दोघेही आत ढकलले गेलो.

तुम्हीही पुढच्या वेळी गाडीची वाट बघताना भिशांची आठवण काढा. आणि मोठी खरेदी करायच्या आधी एकदा आपल्या रूमची मापं घ्या. बघा, पटतंय का!